पाळणा थांबवा

१

आवाज बाईचा होता की कोवळ्या पोराचा, हे बालगृह चालवणाऱ्या मोठ्या आईला त्या दिवशीही कळलं नव्हतं. एकतीस वर्षं झाली त्याला. भर दुपारची वेळ होती. बालगृहातली मुलं जेवून निजली होती आणि बंद दारापलीकडे कुणीतरी दबक्या सुरात गात होतं:

दमानं घे झोका, फळी अजून ओली,
तुझ्या उशाखाली माझी राहिली बोली.

दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा ‘दमानं’पाशीच आवाज फुटला. मग काही नाही. मोठ्या आईने दार उघडलं तेव्हा पायरीवर एक कोरा लाकडी पाळणा होता आणि पाळण्यात पंधरा दिवसांची मुलगी.

तोच पाळणा न्यायला मोठी आई मंगळवारी सकाळी कारखान्याच्या फाटकात उभी होती. बालगृह बंद पडलं होतं. मुलं दुसरीकडे गेली आणि सामान सोमवारी ट्रकमधून इथे आलं. बाकं, खाटा, दारं निखळलेली कपाटं आणि हमालांनी कुणाला न विचारता वर चढवलेला पाळणा. त्या मुलीला येत्या महिन्यात स्वतःचं मूल व्हायचं होतं. मोठ्या आईकडे तिने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, तो पाळणा.

हा कारखाना म्हणजे टाकून दिलेल्या घरांचा शेवटचा मुक्काम. आवारात मावशी बसते. ती लाकूड निवडते, काच, कापड, गादीचा कापूस वेगळा करते. मग पट्ट्यावरून सगळं मोठ्या यंत्राच्या दातांखाली जातं आणि त्याचा चुरा होतो. लोखंडी खिळे लोहचुंबक ओढून घेतं. चुरा एक अख्खा दिवस कोठीत राहतो, मग भट्टीत वाळतो, मग चाळला जातो, डिंकात माखतो आणि तापलेल्या दाबाखाली त्याचे गुळगुळीत तक्ते होतात. कुणाच्या पलंगाचा पाय, कुणाच्या शाळेचा बाक, कुणाच्या उंचीच्या रेघा मारलेली दाराची चौकट, सगळं एका तक्त्यात शेजारी शेजारी येऊन गप्प होतं. एकमेकांना न ओळखणारी माणसं एका खोलीत निजावीत तसं.

मोठ्या आईने आवारातला ढीग पाहिला. बाकं होती. खाटा होत्या. पाळणा नव्हता.

२

घोटाळा एका शब्दाने केला होता.

मोठ्या आईने सोमवारी सकाळीच फोन केला होता. वजनकाट्यावरच्या कारकुनाने, ज्याला सगळे काटेभाऊ म्हणतात, तो घेतला आणि खिडकीतून मावशीला ओरडून निरोप दिला: पाळणा थांबवा, बाई उद्या येतायत.

आता या कारखान्यात पाळणा म्हणजे चाळणी. चार सळयांवर टांगलेली, खाटेएवढी लाकडी पेटी दिवसभर इकडून तिकडे झोके घेते. बारीक चुरा खाली गाळते, जाड वर ठेवते. पहिल्या दिवसापासून तिचं नाव पाळणा. आणि बाई म्हणजे भिंगबाई. चाचणी-खोलीत बसून तक्ते मोडायचे, मोडलेली कड भिंगाखाली धरायची आणि आत काय काय आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. नमुना घ्यायचा असला की भिंगबाई चाळणी थांबवायला लावतात, ही नेहमीची गोष्ट.

मावशीने निरोप तसाच्या तसा पोचवला. चाळणी थांबली. सोमवार अख्खा थांबून राहिली. मुकादम शहरात गेले होते. ते मंगळवारी सकाळी आले आणि थांबलेली चाळणी बघून भडकले, तेवढ्यात मोठी आई दारात. मग कोडं सुटलं आणि सगळ्यांनी कपाळावर हात मारला. खरा पाळणा मावशीने सोमवारीच नेहमीसारखा पट्ट्याजवळच्या ढिगावर टाकून दिला होता. निरोप त्याच्याबद्दल आहे हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिथवर ती नुसती चूक होती, गुन्हा नव्हता. मुकादम पट्ट्याच्या टोकाला गेले. तिथे दातेकाका असतात. पन्नाशी ओलांडलेला, अबोल माणूस. कानांवर जाड झाकणं लावून दिवसभर यंत्राला लाकूड भरवतो. त्याच्याशी बोलायचं तर खांद्यावर हात ठेवावा लागतो. मुकादमांनी ठेवला आणि विचारलं, बालगृहाचा पाळणा आला होता का. दातेकाकांनी एक झाकण वर केलं आणि म्हणाले, माझ्याकडे आला नाही. झाकण परत खाली.

मावशी म्हणते टाकला, काका म्हणतात आला नाही. मधे वीस पावलांचं अंतर. छपरं, आडोसे, पात्यांची खोलीसुद्धा बघून झाली. मुकादमांनी दोन आणि दोन चार केले. जुन्या वस्तूंच्या दुकानात असलं हातकाम हवंच असतं, आणि हात शेवटचा कुणाचा लागला होता तर मावशीचा. संध्याकाळी पाचच्या भोंग्यापर्यंत पाळणा पुढे आला नाही तर मावशीने पुन्हा फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

मावशीने हातातला हातोडा खाली ठेवला. “बावीस वर्षं लोकांची घरं सुटी करते मी,” ती म्हणाली. “एक खिळा घरी नेला नाही. पाळणा नेऊन काय करू, मुकादमांना झोपवू?”

हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. 

३

दुपारची सुट्टी झाली. यंत्रं थांबली, डबे उघडले, डबे मिटले. सुट्टी संपल्यावर मुकादमांनी चाळणी सुरू करायला सांगितलं. दीड दिवसाने ती हलली.

आणि पाळणा वाजू लागला.

टिण. मग झोका. मग परत टिण. चुऱ्याच्या सळसळीतून, लाकडाच्या कुरकुरीतून, अगदी लहान, अगदी स्वच्छ आवाज. छपराखालची माणसं जागच्या जागी थिजली. डिंकाच्या टाकीवरचा माणूस हळूच म्हणाला की आत मूल आहे. तो वेडा नव्हता. त्या क्षणी सगळ्यांना तेच वाटलं होतं. दूर बाकावर बसलेली मोठी आई उठून उभी राहिली होती. तिचे ओठ हलत होते.

“ही त्याचीच घंटा,” ती म्हणाली.

त्या मुलीनंतर तो पाळणा बालगृहाच्या दाराशीच राहिला होता. कुणी मूल ठेवलं की आत कळावं म्हणून मोठ्या आईने त्याच्या दांडीला पितळी घंटा लावली होती. किती वेळा ती वाजली हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती वाजत होती आणि मोठी आई सवयीने दाराकडे जायला निघाल्यासारखी दोन पावलं पुढे आली. मग समोर दार नाही हे लक्षात येऊन थांबली.

चाळणी बंद केली. भिंगबाईंनी बाही वर करून जाळीवरून हात फिरवला आणि घंटा बाहेर काढली. पितळेची, आवळ्याएवढी. पितळ लोहचुंबकाला लागत नाही, म्हणून ती सुटली असणार, काटेभाऊ म्हणाले. म्हणजे पाळणा दातांखाली गेलाच. चुरा झाला. संपलं.

मोठी आई बाकावर बसली. तिने डोळे पुसले नाहीत. हात मांडीवर तसेच उपडे ठेवले.

पण मुकादम घंटा उलटीसुलटी करून पाहत होते. कारखान्यात उगाच म्हातारे झाले नव्हते ते. घंटेला साधा ओरखडा नव्हता. दातांखालून कुलूपसुद्धा चपटं होऊन निघतं. तेव्हा ही घंटा पाळण्यावरून सोडवून कुणीतरी हाताने इथे टाकली होती. पाळणा चिरडला असं वाटावं, शोध थांबावा म्हणून. ज्याला शोध थांबायला हवा होता त्यानेच. त्यांनी मान वळवून मावशीकडे पाहिलं.

साडेतीन वाजले होते.

४

भिंगबाईंनी घंटा मागून घेतली. या भानगडीत पडायचं त्यांना कारण नव्हतं, फक्त एवढंच, की ‘बाई येतायत’ या शब्दांनी चाळणी थांबली होती आणि ती बाई म्हणून सगळ्यांनी त्यांना गृहीत धरलं होतं. आपल्या नावावर चाललेल्या चुकीत मावशीची भाकर जाते आहे, हे त्यांना टोचत होतं. मोडलेल्या तक्त्याची कड पाहावी तशी त्यांनी ती गोष्ट जवळ धरली.

घंटेच्या आकड्याचे आटे सरळ होते. कुणी ओढून तोडली नव्हती, फिरवून काढली होती. हाताला घाई नव्हती.

त्यांनी एक साधा प्रश्न ठरवला आणि तोच सगळ्यांना विचारला: काल चाळणी कशी चालली होती?

काटेभाऊंनी तोंड लपवलं. कशाला लाजवता, म्हणाले, माझ्याच निरोपाने ती बंद पडली, जन्मभर ऐकावं लागणार आहे मला हे. मुकादम म्हणाले की दीड दिवस बुडाला, आणि किती तक्ते कमी निघाले ते सांगू लागले तेव्हा भिंगबाईंनी त्यांना हळूच थांबवलं. मावशी आवाराच्या कडेला गोणपाटावर बसली होती. “मीच थांबवायला लावली,” ती म्हणाली. “आणि परत परत जाऊन बघून आले, तुम्ही आलात का नमुन्याला. तुमची वाट बघत बसले मी येडी.”

मग भिंगबाई पट्ट्याच्या टोकाला गेल्या. काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी झाकण वर केलं. प्रश्न ऐकून त्यांना नवल वाटलं.

“चालूच होती की,” काका म्हणाले. “रोज असते.”

भिंगबाईंनी मान हलवली. परत येताना त्या सावकाश चालत होत्या. सापडलं होतं, आणि ते हातात घ्यावंसं त्यांना वाटत नव्हतं.

५

मोठ्या आईजवळ बाकावर बसून त्यांनी ते मांडलं, अर्ध्या स्वतःशीच.

दातांखालचा चुरा आधी एक अख्खा दिवस कोठीत राहतो. सोमवारचा चुरा मंगळवारी चाळणीवर येणार, तोही ती चालू असली तर. पण चाळणी तर सोमवारपासून उभीच. सोमवारच्या लाकडाचा कणसुद्धा तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता, तो अजून कोठीतच होता. मग त्या पाळण्याची घंटा चाळणीत कशी येईल? ज्याला हे माहीत होतं तो घंटा तिथे टाकणारच नाही, त्याचं सोंग दोन मिनिटांत उघडं पडेल. मावशीला माहीत होतं. काटेभाऊंना, मुकादमांना माहीत होतं. मोठ्या छपराखालच्या एकूण एक माणसाला माहीत होतं. चाळणी रोजच्यासारखी चालली, कालचं लाकूड कोठीतून कधीच पुढे सरकलं, असं समजून आज सुट्टीत घंटा टाकणारा माणूस म्हणजे दूर टोकाला, कान झाकून बसणारा एकटा माणूस.

“पण त्यांनी का घ्यावा?” भिंगबाई म्हणाल्या. “सकाळी नाही म्हणाले. मग मावशीवर आलेलं पाहिलं आणि पाळणा चिरडला असं दाखवायला गेले. तिला वाचवायलाच गेले. ते तिच्यावरच उलटलं. चोर असं करत नाही.”

मोठी आई त्यांच्याकडे वळून बसली. मग तिने त्या दुपारचं सांगितलं. गाणं सांगितलं. मूल ठेवून जाणारी बाई कशी गात होती ते.

भिंगबाईंनी विचारलं, आणि पाळणा कुठून आला होता?

तो आधीच आला होता, मोठी आई म्हणाली. थोड्याच वेळापूर्वी तिने खिडकीतून एका सुताराची हातगाडी दाराशी थांबलेली पाहिली होती. पाळणा उतरवणारा पोरसवदा माणूस. कुणीतरी देणगी म्हणून पाठवला असेल असं समजून ती आत कामाला लागली. मग कुणा बाईला पायरीवर आयता पाळणा दिसला, तिने मूल त्यात ठेवलं. एकतीस वर्षं मोठ्या आईने हे असंच धरलं होतं. एक देणारा आणि एक टाकणारी.

“ते कडवं परत म्हणाल?”

मोठ्या आईने म्हटलं. पुटपुटल्यासारखं.

“फळी अजून ओली,” भिंगबाई म्हणाल्या. “रंधा मारून गुळगुळीत केलेल्या फळीत ओल राहिली आहे, हे वरून बघणाऱ्याला दिसत नाही, मोठी आई. ते एकालाच माहीत असतं. लाकूड वाळायची वाट न बघता ज्याने घाईघाईने ते कापलं, त्याला. तुमच्या दाराशी त्या दिवशी दोघं आली नव्हती. एकच आला होता. हातगाडीवरच्या पाळण्यात काय आहे हे कोण कशाला बघेल?”

मोठ्या आईने बाकाची कड धरली. इतकी वर्षं ती ज्या बाईला मनातल्या मनात रागवत होती, समजून घेत होती, माफ करत होती, ती बाई कधी नव्हतीच.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

६

पात्यांची खोली यंत्राच्या मागे आहे. बोथट झालेली पाती तिथे घासून परत धारेला लावतात आणि काकांखेरीज तिथे कुणी फिरकत नाही. सकाळी तिथे डोकावून गेले होते सगळे. पण ते पाळणा शोधत होते. भिंगबाईंनी पात्यांखाली अंथरलेल्या फळ्यांकडे पाहिलं.

बारा लहानमोठ्या फळ्या आणि चार गोल दांड्या, एकावर एक नीट रचलेल्या. एकीलाही खिळ्याचं भोक नव्हतं. टोकांना लाकडाच्या जिभा आणि लाकडाचीच खोबणी. ज्याने जोडला त्यालाच तो असा, एक ढलपी न उडवता, सुटा करता आला असता.

काका मागे येऊन उभे राहिले होते. कानांवरची झाकणं गळ्यात लटकत होती. दारात मोठी आई आणि तिच्यामागे मावशी. काकांनी तिघींकडे पाहिलं आणि कुणी काही विचारायच्या आत वळून सरळ मुकादमांच्या टेबलाकडे चालू लागले. तिकडे काय बोलणं झालं ते पुढे सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं, पण शब्द थोडेच होते. पाळणा मी घेतला, मावशीचा यात काही संबंध नाही, सकाळी खोटं बोललो. मुकादमांनी कशासाठी असं विचारलं तेव्हा ते म्हणाले की तो माझा होता. मुकादमांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग उठून मावशीकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की माझं चुकलं. त्यांना हे दोन शब्द फार जड गेले. मावशी म्हणाली, उद्या हातमोजे नवे द्या, मग बघू.

काका परत आले आणि जमिनीवर बसले. लाकडी हातोडीने फळीत फळी बसवू लागले. ठक, ठक. बोलत होते ते हाताकडे बघून. वीस वर्षांचे होते तेव्हा. मुलीची आई बाळंतपणात गेली. सुताराच्या कारखान्यात ढलप्यांवर झोपायचे ते, आणि मूलही ढलप्यांवर. भुश्याने तिला खोकला लागला. पाळणा त्यांनी तीन दिवसांत केला, ओल्या फळीचाच. काल तो पट्ट्याजवळच्या ढिगावर दिसला तेव्हा आधी हाताने ओळखला, मग डोळ्यांनी. दातांपाशी नेला होता. भरवता आला नाही. तसाच उचलून बाजूला ठेवला असता तर कुणीतरी ‘का?’ असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून सुटा करून ठेवला.

“ती कशी आहे?” त्यांनी विचारलं. मान वर केली नाही.

बरी आहे, मोठी आई म्हणाली. हट्टी आहे. पुढच्या महिन्यात तिला मूल होईल, हा पाळणा तिनेच मागितलाय. काकांची हातोडी थांबली, मग परत चालू झाली, पण आता फार हळू, जणू आत कुणी झोपलं होतं.

मोठी आई त्यांच्यासमोर, त्या पात्यांच्या वासात, खाली बसली. तिलाही काही सांगायचं होतं. गाणं थांबल्यावर तिने लगेच दार उघडलं नव्हतं. दाराला पाठ लावून शंभर आकडे मोजले होते. आलेल्या माणसाला जाता यावं म्हणून, आणि मन बदललं तर परत घेता यावं म्हणून. मोजता मोजता एकदा वाटलं की दोनशे मोजावेत. मोजले नाहीत. मूल रडू लागलं होतं.

काकांनी शेवटची दांडी बसवली. पाळणा उभा राहिला. त्यांनी त्याला हात लावला नाही, तरी तो थोडा हलला.

“मी परत आलो होतो,” ते म्हणाले.

बाहेर पाचचा भोंगा झाला. कुणी उठलं नाही.

“कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पाळणा रिकामा होता. तुम्ही तिला घेऊन आत गेला होतात, दूध आणायला गेला असाल. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. मी हाका मारल्या, कुणी आलंच नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.” त्यांनी तळवे उलटे करून पाहिले. “मी हाक मारलीच नव्हती, मोठी आई. दाराला कडीसुद्धा नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. मी लोटलं नाही.”